औंढ्याचा फुकटवाला

“कुंकू कुठं जांभळं असतं काय हो?”

हे माझ्या तोंडून निघून गेलं. बोलायचं काहीच कारण नव्हतं. सरोजिनीकाकू औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाच्या रांगेत होत्या, मी देवळाबाहेरच्या हॉटेलात चहा घेत त्यांची वाट बघत होते, आणि पुढच्या बाकावर एक मुलगा माझ्याकडे पाठ करून लॅपटॉपवर लग्नाचा व्हिडिओ रंगवत बसला होता. रंगवत म्हणजे... आमच्या धंद्यात त्याला कलर करणं म्हणतात. कॅमेऱ्यातून चित्र निघतं ते फिकट, निर्जीव. त्यातला उजेड, सावली, कातडीचा रंग, शालूचा रंग जागेवर आणायचा. हेच काम मी हिंगोलीला नानांच्या लॅबमध्ये रोज करते. त्यामुळे निदान चहा पिताना तरी ते डोळ्यांसमोर येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

तो वळला. कपाळावर घाम, कानामागे पेन, आणि डोळे... जाऊ द्या, डोळ्यांचं नंतर.

“कुठं जांभळं हाय?”

“नवरीच्या कपाळावर. शालूच्या काठावर पण उतरलंय.”

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे. “तुमची टिकली काळी निघाली. लाल असती तर तिच्याशी जुळवून घेतलं असतं.”

मी कप खाली ठेवला. चिडायला एवढं पुरेसं होतं. पण खरी चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. पडद्यावरची नवरी सावळी होती, आणि ती सावळीच दिसत होती! गालावर उन्हाची तांबूस झाक, ओठांशी खरी सावली, नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब. कुंकू सोडलं तर ते काम चांगलं होतं... आणि चांगलं होतं म्हणूनच मला राग आला.

“कुठल्या लॅबमधून करून आणलं?”

“लॅब?” तो हसला. “हितंच केलं, ह्या बाकावर. ते मोठं सॉफ्टवेअर हाय ना, सिनेमावाले वापरतात ते... त्याची फुकट आवृत्ती निघालीय. घरबसल्या उतरवून घ्यायची. आता कोण जातंय हिंगोलीला त्या नानांच्या लॅबात? तिथं तर समद्या नवऱ्या मैद्याच्या पुऱ्यांवानी पांढऱ्या करून देतात.”

“त्या पुऱ्या मी तळते,” मी म्हणाले.

हॉटेलवाला टेबल पुसता पुसता थांबला. मुलाचा चेहरा आधी उतरला, मग कानापर्यंत लाल झाला, कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय.

“माफ करा मॅडम... मला काय ठाऊक! मी मुकुल. हे समोरचं बेल-फुलांचं दुकान आमचंच.”

तेवढ्यात काकूंनी प्रसादाची पुडी उंच धरून लांबून हाक मारली. मी उठले. तो मागोमाग आला, उघडा लॅपटॉप तान्ह्या लेकरासारखा दोन्ही हातांवर धरून.

“ते जांभळं कसं काढायचं, तेवढं तरी सांगा!”

“काहून सांगू? सॉफ्टवेअर फुकट झालंय. मी न्हाई.”

जीपमध्ये काकूंनी विचारलं, “कोण गं तो?”

“कुणी नाही,” मी म्हटलं. आणि हिंगोली येईपर्यंत मनातल्या मनात त्याचं कुंकू दुरुस्त करत राहिले.

नाना म्हणजे सरोजिनीकाकूंचे यजमान, माझ्या बाबांचे जुने मित्र आणि माझे मालक. जिल्ह्यात लग्नाचं शूटिंग कुणीही करो, पुढचं मिक्सिंग आणि कलर नानांकडेच, असे दिवस होते. त्या मोठ्या सॉफ्टवेअरची विकतची आवृत्ती नानांनी स्वतः मुंबईला जाऊन आणली होती, आणि तिच्याबरोबर एक पेटी. पेटीवर बटणं, आणि हाताखाली फिरणारे गुळगुळीत गोळे. गोळा जरासा फिरवला की चित्रातली संध्याकाळ सकाळ व्हायची. पेटीवर मखमलीचं कापड असे, दसऱ्याला हार असे, आणि माझ्याखेरीज कुणी तिला बोट लावलेलं नानांना चालत नसे.

फुकट आवृत्तीची बातमी आमच्याकडे जरा उशिराच आली, पण आली ती धाडकन. नानांचा आधी विश्वासच बसेना. “कंपनीचं डोकं फिरलं का?” मग म्हणाले, “चोरीचं असंल ते.” शेवटी मी कंपनीचं पान उघडून वाचून दाखवलं. काही मोजकी कामं सोडली तर सगळं तेच आहे, आणि फुकट आहे. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मग मी येडा ठरलो का, निलू?”

मी ते पान बंद केलं.

पण नाना निदान शांत तरी बसले. बाकीच्यांनी मला वेड लावायचं तेवढं बाकी ठेवलं. सेनगावचे लालसिंग, जिल्ह्यातले सगळ्यात जुने शूटिंगवाले, त्यांचा फोन आला, “पोरी, आता कलरचं बिल लावू नको. रंग आता फुकट हाय.” जसा काही रंग मी नळावरून भरून विकत होते! एक जण म्हणे, हा परदेशी डाव आहे, आपल्या समद्या लग्नांचे व्हिडिओ तिकडं चालले. दुसऱ्यानं तर लग्नपत्रिकेच्या जाहिरातीतच छापलं, ‘सिनेमासारखा कलर, मोफत’. आणि ज्यांनी ज्यांनी ते उतरवून घेतलं, त्या सगळ्यांना माझा नंबर पाठ होता. “ताई, नवरदेव हिरवा पडला.” “ताई, बटण कुठलं दाबू?” “ताई, कलर केला अन् बँडचा आवाजच गेला, असं होतं का?” जेवताना फोन, भांडी घासताना फोन. साबणाच्या हातानं मी फोन उचलायची आणि ओरडायची, “आवाजाचा आणि रंगाचा काहीऽऽ संबंध नाही!”

त्यात नानांचं ते एकच पालुपद, “गिऱ्हाइकाला नवरी उजळ पाहिजे.” मी दरवेळी वाद घालायची, दरवेळी हरायची. मी स्वतः सावळी. रोज कुणाची तरी कातडी पडद्यावर धुऊन काढायची आणि मग घरी जाऊन आरशात बघायचं, यात काय मजा असते ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. आणि त्या औंढ्याच्या मुलानं नवरी होती तशी ठेवली होती. ते काही डोक्यातून जात नव्हतं.

मग शूटिंगवाल्यांच्या ग्रुपवर निरोप आला: ‘रविवारी औंढ्यात कलरची फुकट शिकवणी. लॅपटॉप आणावा. मुकुल.’

“हाच का तो फुकटवाला?” नानांनी विचारलं. काकूंनी लांबून ऐकलेलं सगळं सांगितलेलं दिसत होतं. “जा, बघून ये काय शिकवून राहिला.”

“मी काहून जाऊ?” असं म्हणत मी नवा निळा ड्रेस घातला. तो इस्त्री केलेला होता म्हणून... दुसरं काही नाही.

शिकवणी एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये होती. पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, सतरंजीवर, जिल्ह्याचे तमाम शूटिंगवाले मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. निम्मे लॅपटॉप ते सॉफ्टवेअर उघडायच्या नुसत्या कल्पनेनंच गार पडले होते. मुकुल पुढे उभा राहून घसा फोडत होता आणि कुणी ऐकत नव्हतं.

“यात व्हायरस असंल,” मागून आवाज आला.

“एवढी बटणं बघेपर्यंत नवरीला लेकरू व्हईल!” लालसिंग म्हणाले, आणि हॉल हसला.

मुकुलनं मला दारात पाहिलं. त्याचा सुटकेचा श्वास मला तिथपर्यंत ऐकू आला.

“थांबा! खऱ्या कलरवाल्या आल्या. नीलांबरी मॅडम, हिंगोली. मी गप बसतो, त्या बोलतील.”

“मी बघायला आलेय, बोलायला नाही.”

“ताई, माझं बघा ना...” “ताई, हिकडं...” आणि मी, जिनं ठरवून तोंड शिवून घेतलं होतं, ती पाचव्या मिनिटाला सतरंजीवर गुडघे टेकून लालसिंगना सांगत होते की आधी जे पांढरं ते पांढरं दिसू द्या, मग बाकीचं. मुकुलनं मला एक राखाडी कार्ड दिलं. असं कार्ड चेहऱ्याजवळ धरून कॅमेऱ्यातून बघतात, म्हणजे उजेडाचा रंग कळतो. मी ते गालाशी धरून उभी राहिले. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. आणि लावून ठेवला.

“झालं का?” मी विचारलं.

“...व्हय. म्हंजे न्हाई. एक मिनिट.”

“कार्डाकडे बघा हो. माझ्याकडे काय बघता!”

हॉल पुन्हा हसला. त्यानं कॅमेरा खाली घेतला, तेव्हा त्याचे डोळे दिसले. आता डोळ्यांचं सांगून टाकते. ते हसत नव्हते. एखादी गोष्ट नीट दिसली की माणूस जसा स्तब्ध होतो, तसे होते. मला उगाच कार्डाआड तोंड लपवावंसं वाटलं.

तेवढ्यात लाइन गेली. पंखे थांबले, जुन्या बॅटऱ्यांचे लॅपटॉप एकेक करून विझले, आणि सगळे उसाच्या रसाला पांगले. आम्ही दोघं हॉलच्या पायऱ्यांवर राहिलो. समोर कडुलिंबाचा मोहर गळत होता.

“तुम्ही हे फुकट काहून शिकवता?” मी विचारलं. “आमच्या पोटावर पाय देऊन तुम्हाला काय मिळतं?”

“खरं सांगू? मी दुकानात बसून, व्हिडिओ बघून बघून शिकलो. दोन वर्षं एकटाच. चांगलं झालं तरी ‘भारी’, बिघडलं तरी ‘भारी’. कुणी सांगतच नव्हतं कुठं चुकलं ते. वाटलं, अजून चार जणांना आलं तर बोलायला कुणीतरी व्हईल.” मग पायरीवरचा मोहर बोटानं गोळा करत म्हणाला, “तुमी त्या दिशी जांभळं म्हणालात ना... मला रातभर बरं वाटलं.”

मला हसायला आलं. लॅबमध्ये माझंही तेच होतं. चार तास घासून मी एखादी संध्याकाळ खरी करायची, आणि नाना म्हणायचे, “अजून उजळ.”

“ती नवरी,” मी म्हटलं, “तशीच ठेवलीत.”

“अशीच छान होती ना.” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, आणि त्याच्या कानाची पाळी पुन्हा तांबडी झाली.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला. मी सतरंजीवर, हातात लालसिंगांचा लॅपटॉप, आजूबाजूला दहा डोकी. खाली लिहिलेलं, ‘नानांच्या लॅबकडूनच मोफत मार्गदर्शन’. नानांनी तो पाहिला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. मी शेजारच्या खुर्चीवर असताना काकूंना सांगायचे, “तिला म्हणावं, पंखा बंद कर.” काकू म्हणायच्या, “निलू, पंखा बंद कर म्हणतात.” मी म्हणायची, “ऐकलं मी!”

आणि काम आटलं. लगीनसराई भरात, पण हार्ड डिस्क घेऊन कुणी येईना. ज्याचं त्यानं घरीच कलर करायला घेतलं होतं. एका दुपारी नाना पेटीपाशी उभे होते. कापड काढलेलं. एक गोळा तळव्याखाली हलकेच फिरवत ते म्हणाले, कुणाला ते कळलं नाही, “विकून टाकू हिला.”

मी ताडकन उठले, ओढणी घेतली आणि निघाले. राग नानांचा नव्हता. ज्याच्यामुळे हे झालं त्याला चांगलं सुनावल्याशिवाय मला पाणी गोड लागणार नव्हतं. फोनवर त्यानं सांगितलं की तो नरसीजवळ, द्वारकाबाई नावाच्या एका बाईंच्या शेतात हळदीच्या पिकाची फिल्म काढतोय. मी म्हटलं, “तिथंच थांबा. हलू नका.”

“व्हय,” तो म्हणाला, एवढ्या आनंदानं की माझा राग दुप्पट झाला.

द्वारकाबाईंची हळद शिजवून झाली होती. घरापुढच्या अख्ख्या आवारात उकडलेली हळकुंडं पसरलेली, उन्हात वाळत पडलेली. हवेला तो ओला, मातकट, उग्र गोड वास. दोन-तीन बाया वाकून हळकुंडं वरखाली करत होत्या. मुकुल कॅमेरा स्टँडवर लावून घामाघूम उभा होता.

“या या. पाणी घ्या आधी.”

“पाणी नको! नाना पेटी विकायला निघालेत. माझ्याशी बोलत नाहीत. काम गेलं. आणि तुम्ही इथं आनंदात हळद काढताय! लोकांना फुकट फुकट करून सोडलंत, पुढं आमचं काय होईल याचा एकदा तरी विचार केलात?”

बायांचे हात थांबले. मुकुलनं टोपी काढली.

“केला. तुमी रविवारी म्हणालात, तवापासून करून राहिलो. पण मी न्हाई शिकवलं तरी ते कुणाच्या ना कुणाच्या हाती येणारच हो. मी नानांकडं येऊन बोलू का? त्यांच्या पाया पडतो.”

“अजिबात यायचं नाही!”

“बरं. मग काय करू?”

हेच तर मला माहीत नव्हतं. मी तणतणत सावलीतल्या बाजेवर बसले. बाजेवर त्याचा लॅपटॉप उघडा होता, आणि पडद्यावर इथलंच चित्र. हळद... पण पोपटी! आजारी माणसाच्या डोळ्यासारखी.

“हे काय केलंय?” मी किंचाळलेच.

“तेच तर,” तो हळूच येऊन बाजूला टेकला. “चार दिवस झाले. पिवळा सापडतच न्हाई. जरा हिकडं केला तर हिरवा, तिकडं केला तर संत्र्यावानी. द्वारकाबाई म्हणतात, ही माझी हळद न्हाई.”

मला तिथून उठून जायचं होतं. शपथ. पण माझा हात आपोआप पुढे गेला होता. आधी बायांच्या हातांचा रंग नीट केला, मग मातीचा, आणि हळदीला हातच लावला नाही. हात आणि माती खरे झाले तशी हळद आपली आपण जागेवर आली... गडद, तांबूस, आतून पेटल्यासारखी. फुकट आवृत्तीत. पेटी नाही, गोळे नाहीत, एका साध्या माउसवर. हे मला दिसलं, आणि नानांसाठी वाईट वाटलं; पण त्याच वेळी बरंही वाटलं, कारण डोळे माझेच होते ना! ते काही कुणी उतरवून घेऊ शकत नव्हतं.

मुकुल ‘भारी’ म्हणाला नाही. नुसता बघत राहिला, आधी पडद्याकडे, आणि मग...

“पुन्हा माझ्याकडे बघताय,” मी म्हटलं.

“व्हय. ह्या वेळी कार्ड न्हाई ना.”

मी काहीतरी तिखट बोलणार होते, पण एकाएकी उजेडच गेला. हिंगोलीकडून काळा ढग उठला होता. चैत्रात! वारा सुटला, पाचोळा उडाला आणि द्वारकाबाई घरातून ओरडत आल्या, “अगं बया, हळद! ताडपत्री आणा गं! पळा लेकरांनो!”

भिजली तर हळद काळी पडते. वर्षाचं पीक आवारात उघडं पडलेलं. मुकुल कॅमेरा तसाच उघड्यावर सोडून पळाला. जुना, कुणाकडून तरी घेतलेला, पण त्याच्या सगळ्या धंद्याचा एकुलता एक कॅमेरा! “अहो, कॅमेरा!” मी ओरडले. त्याला ऐकू गेलं नाही, की गेलं तरी थांबला नाही. मीच स्टँडसकट तो उचलून गोठ्यात ठेवला, लॅपटॉप त्याच्या शेजारी ठेवला, आणि मग मीही धावले. हातांनी, ओढणीनं, सुपानं आम्ही हळद ओढत होतो, ढीग करत होतो. ताडपत्री फडफडून उडत होती. पहिले थेंब गारांसारखे टणटण पाठीवर बसले.

शेवटी ती अंथरली. एका बाजूला द्वारकाबाई आणि बाया, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं, गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी कडा दाबून धरलेली. पाऊस कोसळत होता. केस चेहऱ्याला चिकटले होते आणि ते बाजूला करायला हात मोकळा नव्हता.

“तुम्ही माझ्या डोक्याला ताप आहात,” मी पावसातून ओरडले.

“व्हय.”

“माझं काम घालवलंत. मला भर हॉलमध्ये सतरंजीवर बसवलंत. आणि आता मी इथं चिखलात तुमची ताडपत्री धरून बसलेय!”

“व्हय.”

“व्हय काय व्हय? काहीतरी बोला ना!”

“बोलतो.” त्याच्या नाकावरून पाणी ओघळत होतं. “मला तुमी लई आवडता. हॉटेलातच आवडलात. तुमचा हात धरून सांगायचं होतं... पण आत्ता ही कड सोडता येत न्हाई.”

वारा जरा थांबल्यासारखा झाला. की माझेच कान बंद झाले, कुणास ठाऊक. मी गुडघे सरकवत सरकवत त्याच्या बाजूला गेले, आणि ताडपत्रीच्या त्याच कडेवर, त्याच्या हाताला लागून, माझा हात दाबला.

“आता?” मी म्हटलं.

“ए पोरांनो!” पलीकडून द्वारकाबाईंचा आवाज आला. “बोलणं मागून करा! तो कोपरा उडून राहिला!”

पाऊस आला तसाच गेला. हळद वाचली. द्वारकाबाईंनी आम्हाला गुळाचा चहा दिला आणि मी नको नको म्हणत असताना मुकुल माझ्याबरोबर हिंगोलीला निघाला. मी वाटभर बजावलं, “नानांसमोर तोंड उघडायचं नाही.” तो मान हलवत होता. मला आधीच कळायला हवं होतं.

लॅबच्या दारात नानांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओले कपडे, चिखल, आणि कोपरापर्यंत पिवळे झालेले माझे हात. आठ दिवसांत पहिल्यांदा ते थेट माझ्याशी बोलले.

“हे काय? हात पिवळे करूनच आलीस का परस्पर?”

“नाना! हळद वाळत होती, पाऊस आला...”

“आणि हा?”

“मी मुकुल. औंढ्याचा,” तो म्हणाला आणि खरंच वाकून पाया पडला. उठताना त्याची नजर पेटीवर गेली, आणि तो तिथंच थबकला. “नाना... हीच का ती? एकदा नुसतं जवळून बघू?”

नाना घुश्शात होते. पण कुणीतरी त्यांच्या पेटीकडे असं बघून किती दिवस झाले होते! त्यांनी मखमल बाजूला केली. “ओल्या हातानं न्हाई. पुस आधी.”

मग काय. मी, जिच्यामुळे दोघांची गाठ पडली, ती कोपऱ्यात ओली उभी, आणि ते दोघं पेटीवर वाकलेले. “हा गोळा सावल्यांचा... जोर लावू नको... हां.” मुकुलनं खिशातून पेनड्राइव्ह काढून हळदीचं चित्र लावलं. नाना बराच वेळ त्यातल्या बायांचे हात बघत राहिले.

“हे निलूचं काम हाय,” ते म्हणाले.

“व्हय.”

“कातडी जशीच्या तशी ठेवलीय.”

“व्हय.”

नाना खुर्चीत बसले. “मी कधी करू दिलं न्हाई तिला.” त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. मी काही बोलणार, तोच मुकुलनं गोळ्यावरचा हात न उचलता, मान वर न करता सांगून टाकलं, “नाना, मला हिच्याशी लग्न करायचंय.”

मी कपाळावर हात मारला. पिवळा.

“हिला विचारलंस का?” नाना म्हणाले.

“अर्धं झालं. मग वारा सुटला.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला रागानं काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंडून निघालं ते, “त्यांना सांगा, व्हय म्हणाली.” काकू आतून चहा घेऊन येत होत्या, त्या हसत हसत म्हणाल्या, “व्हय म्हणाली म्हणतात.”

पुढचंही सांगून टाकते. लॅबचं नेहमीचं काम परत आलं नाही. ते जायचंच होतं. पेटी मात्र विकली गेली नाही. मुकुलची हळदीची फिल्म आम्ही तिच्यावरच पुरी केली, आणि ती बघून एका बियाणेवाल्यानं, मग एका दूधसंघानं आम्हाला बोलावलं. लग्नांची कामं थोडी येतात. आईबाप मुद्दाम सांगून जातात की पोरगी आहे तशीच दिसू द्या. लालसिंग अजून फोन करतात, भर जेवणात. बाबांना नानांनीच समजावलं.

पण त्या संध्याकाळी हे काहीच माहीत नव्हतं. मी मुकुलला बसस्टँडवर सोडायला गेले होते. पावसानं धुतलेला उजेड होता, डबक्यांत पडलेला, प्रत्येक गोष्ट जरा जास्तच खरी दिसावी तसा. औंढ्याची बस लागली, भरली, कंडक्टरनं घंटी मारली.

“अहो, जा ना! बस चालली!”

“व्हय,” तो म्हणाला आणि हललाच नाही. बस वळून गेली.

“आता पुढची कधी आहे?”

“ठाऊक न्हाई.”

असा कसा माणूस हा! मी बडबडत, चिडत बाकावर त्याच्या शेजारी बसले. आणि मग, दोघांचेही हात मोकळे होते म्हणून, मी माझा हात त्याच्या हातात दिला.